पहिली बादली पाहुण्यांची

शिंपी जसा माणसाच्या मापाने कपडा बेततो, तशी ती माणसाच्या मापाने गोल्फचे क्लब बेतायची. क्लब म्हणजे ज्याने चेंडू मारायचा ती काठी. पण तिच्यासमोर कुणी काठी म्हटलेलं तिला खपत नसे. "काठी म्हाताऱ्याला लागते नाहीतर सापाला," ती म्हणायची, "चेंडूला क्लब लागतो." मैदानाच्या फाटकाशी, सरावाच्या पट्टीला लागून तिचं दुकान होतं आणि दुकानावरच्या मजल्यावर ती राहायची. खाली एक लांब टेबल, टेबलाच्या कडेला वस्तू घट्ट धरणारा वाइस, भिंतीला टेकून उभ्या केलेल्या शाफ्ट म्हणजे क्लबच्या दांड्या, आणि कपाटात ओळीने मांडलेली क्लबची डोकी. गोंदाचा आणि कापलेल्या रबराचा वास तिच्या ओढणीला कायम असायचा.

तिच्याकडे यायचे ते कसलेले खेळाडू. हौशी माणसाला कुठलाही क्लब चालतो, कारण त्याचा चेंडू तसाही कुठेही जातो. कसलेल्या माणसाचं तसं नसतं. त्याला बोटभर फरक कळतो आणि तो रात्रभर सलतो. अशा माणसांचं माप घेण्याची तिची एक रीत होती. गिऱ्हाईक आलं की ती त्याच्यापुढे चेंडूंची बादली ठेवायची, "मारा निवांत" म्हणायची आणि स्वतः चहाचा कप घेऊन खिडकीत बसायची. चेंडूचा वेग, उंची, वळण सांगणारी एक छोटी डबी असते, ती फटका मारणाऱ्याच्या मागे जमिनीवर ठेवतात. पहिली बादली संपेपर्यंत ती डबी चालूच करत नसे.

"अहो, मी एवढे झकास मारले, तुम्ही मोजलेच नाहीत!" गिऱ्हाईक कुरकुरायचं.

"पहिली बादली पाहुण्यांची," ती म्हणायची, "दुसरी घरच्यांची."

त्यात सगळं आलं. पाहुणे आले की आपण पलंगपोस झटकतो, आवाज मऊ करतो, मुलांना शहाण्यासारखं बसवतो. पाहुण्यांना आपलं घर दिसतं, पण ते आपलं रोजचं घर नसतं. खेळाडूही पहिल्या बादलीत तिला दाखवायला मारतो. छाती पुढे, दात आवळलेले, दंडात आहे-नाही ते सगळं बळ. दुसऱ्या बादलीत तो जरा दमतो, तिला विसरतो, आणि मग त्याचा खरा हात बाहेर येतो. क्लब त्या हातासाठी करायचा असतो.

ही रीत तिने कधी मोडली नाही. मोडली ती एकदाच, आणि तीही स्वतःच्या बाबांसाठी.

तिचे बाबा त्या मैदानावरचे जुने, नावाजलेले खेळाडू. नोकरी जमिनीची मोजणी करण्यात गेलेली, त्यामुळे लांबचं झाड दाखवलं तर अंतर पावलांत सांगायचे. बोलणं मात्र मोजकं. घरी ते वर्तमानपत्राच्या पलीकडे असायचे, आणि अलीकडे आलेच तर "मीठ दे" एवढ्यासाठी. पण मैदानावर पाय पडला की त्यांना कंठ फुटायचा. दोन फटक्यांच्या मधल्या चालण्यात बापलेक जेवढं बोलली, तेवढं चार भिंतींत कधी बोलली नसतील. शाळेत गणितात नापास झाल्याचं तिने त्यांना तिसऱ्या होलच्या, म्हणजे खेळाच्या तिसऱ्या टप्प्याच्या, उतारावर सांगितलं होतं. ठरलेलं लग्न मोडायचंय, हेही पुढे तिथेच कुठेतरी. बाबांनी ऐकून घेतलं, आपला फटका मारला, क्लब बॅगेत ठेवला आणि मग म्हणाले, "बरं केलंस. माझा चेंडू कुठे गेला बघ जरा."

मैदानावर वर्षातून एकदा जोडीची मॅच व्हायची. दोघांत एकच चेंडू, आळीपाळीने मारायचा. ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून ही दोघं जोडीने खेळत आलेली. सगळं ठीक चाले, फक्त तळ्याचा होल आला की गाडी अडायची. तिथे सुरुवातीच्या ओट्यापासून थेट ग्रीनपर्यंत पाणी. ग्रीन म्हणजे झेंडा रोवलेली मऊ हिरवळ. मधे विसाव्याला जागा नाही. चेंडू पलीकडे तरी जातो, नाहीतर बुडतो. बाबा तिथे त्यांची 'सुरी' काढायचे. ती त्यांची तीन नंबरची आयर्न, म्हणजे लोखंडी क्लब, पातळ पात्याची, जुनी, सगळ्या मैदानात त्यांच्याशिवाय कुणाच्या बापाला न जमणारी. सुरीने मारलेला चेंडू पाण्यावरून शीळ घालत जायचा. पण गेल्या वर्षी तो बुडाला, त्याच्या आदल्या वर्षीही बुडाला.

यंदा मॅच जवळ आली तेव्हा बाबांनी जेवताना पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि जाहीर केलं, "यंदा तळं ओलांडलं नाही, तर बॅग माळ्यावर."

"माळ्यावर जागा नाही," आई म्हणाली. "तुमचं मोजणीचं तिकाटणं आहे तिथे. ते हलवा, मग काय ठेवायचं ते ठेवा."

आईने ते हसण्यावारी नेलं, पण मुलीला ते जमलं नाही. बाबा एकदा बोलले की बोलले. बॅग माळ्यावर गेली म्हणजे चालणं गेलं, आणि चालणं गेलं म्हणजे बाबा कायमचे वर्तमानपत्रापलीकडे गेले. यापुढे आयुष्यातलं काही सांगायचं असलं तर तिने ते कुठल्या उतारावर सांगायचं?

"बाबा," ती म्हणाली, "उद्या दुकानात या. तुम्हाला हायब्रिड बसवून देते."

"खेचर?" बाबा म्हणाले.

हायब्रिड क्लबला ते खेचर म्हणायचे. ते अगदीच खोटं नव्हतं. लांब मारायला लाकडी जातीचा भरीव डोक्याचा क्लब असतो, नेमकं मारायला लोखंडी पात्याचा. हायब्रिड या दोघांचं लेकरू. बुटका, गुबगुबीत, मागे थोडं पोट सुटलेला. त्या पोटात वजन खाली बसतं म्हणून तो चेंडू सहज उंच उचलतो.

"खेचर डोंगर चढतं बाबा. घोडा पायथ्याशी धापा टाकत बसतो."

"आणि डावीकडे पळतं, ते?"

कसलेल्या माणसाचा हायब्रिडवर हा एकच आरोप असतो. नवशिक्याचा चेंडू उजवीकडे भरकटतो म्हणून बरेचसे हायब्रिड मुळातच चेंडू डावीकडे ओढतील असे घडवतात. ज्याचा चेंडू आधीच सरळ जातो, त्याला ही मदत म्हणजे शत्रुत्वच.

"न पळणारं देईन," ती म्हणाली. "उद्या या."

बाबा आले ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून. तिने कपाटातून एक डोकं काढलं. लहान, आटोपशीर, कडा सुबक. चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, दांडीच्या रेषेत सरळ, मागे सरलेला नाही. वजनाचा स्क्रू टोकाकडे, म्हणजे डोकं लवकर मिटत नाही आणि चेंडू डावीकडे ओढला जात नाही. बाबांनी ते हातात घेतलं, फिरवून पाहिलं, जमिनीवर टेकवून वरून न्याहाळलं. कसलेला माणूस क्लब आधी डोळ्यांनी मारून बघतो.

"दिसायला बरं आहे," ते म्हणाले. "खेचराच्या मानाने."

तिने बादली ठेवली. बाबा उभे राहिले, आणि काय सांगावं! ताठ पाठ, रुंद खांदे, क्लब वर गेला आणि वाऱ्याला कापत खाली आला. ठक्! चेंडू आभाळात. दुसरा तसाच. तिसरा त्याच्यापुढे. ती लहान असताना बाबा असेच मारायचे आणि ती मागे उभी राहून टाळ्या पिटायची. तिचा हात आपोआप डबीकडे गेला. बादली अजून निम्मीसुद्धा झाली नव्हती. तिने डबी चालू केली, आकडे बघितले आणि तिला हसू आवरेना.

"बाबा, अहो हा तर तिशीतल्या माणसाचा वेग आहे!"

"मग? मी काय म्हातारा झालो असं म्हणायचं होतं तुला?" बाबा म्हणाले, आणि आणखी जोरात मारला.

बादली तशीच राहिली. चहाही राहिला. तिने त्या आकड्यांवर जड, कडक शाफ्ट निवडली. जोरात फिरवणाऱ्याला कडकच लागते, नाहीतर ती चाबकासारखी लवते आणि चेंडूची दिशा जाते. संध्याकाळी गोंद लावून तिने डोकं बसवलं. आनंदाने काम केलं की चूक दिसत नाही, हे ती दुसऱ्यांना नेहमी सांगायची.

दोन दिवसांनी गोंद पक्का झाल्यावर दोघं सरावाला निघाली. सुरुवातीच्या होलांवर खेचराने कमाल केली. बाबा हरभऱ्याच्या झाडावर चढले. "तुझं दुकान चालेल हं," म्हणाले, जणू काही ते गेली कित्येक वर्षं बंदच होतं. पण जसजशा चढणी सरल्या, तसतसे फटके ठेंगणे होत गेले. तळ्याशी पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं. बाबांनी खेचर काढलं, पवित्रा घेतला, मारलं. आवाज चांगला आला, पण चेंडू उठलाच नाही. तो खालून गेला, उजवीकडे कलत गेला, आणि पलीकडच्या काठाच्या अलीकडे पाण्याने त्याला अल्लद गिळलं.

आणखी एक. तोही तिथेच.

बाबा रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी रुमालाने क्लबचं तोंड पुसलं, शाफ्ट पुसली आणि क्लब तिच्या हातात दिला.

"छान बनवलंयस," ते म्हणाले. "क्लबात काही खोट नाही. माझ्यातच राहिलं नाही आता काही."

उरलेली वाट दोघं मुक्याने चालली. मैदानावर असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आईबाबांच्या घरी गेली तेव्हा बाबा झोपले होते, भर दुपारी. आई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती. तीही समोर बसून शेंगा उकलू लागली.

"पाठ शेकून झोपलेत," आई म्हणाली.

"पाठ? मला काही बोलले नाहीत."

"तुला कशाला बोलतील? तू जिना चढतेयस असं कळलं की आधी कमरेचा पट्टा काढून उशीखाली सारतात. गेले सहा महिने तो पट्टा लावतायत. तुला माहीत होतं?"

मुलीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मग डॉक्टर?"

"डॉक्टर झाला. काही मोठं नाही म्हणाला, वयाचं आहे. चाला म्हणाला, खेळा म्हणाला, फक्त हिसके देऊ नका. पण तुझ्यापुढे हिसका दिल्याशिवाय या माणसाला चैन कुठे पडतंय! अगं, रोज मी बघते तो माझा नवरा, खुर्चीतून उठताना 'आई गं' म्हणणारा. आणि तुला भेटायला येतो तो तुझा बाप. त्याला पाठच नाही!" आईने मूठभर वाटाणे भांड्यात टाकले. "लोकांच्या बापांना बरी दोन दोन बादल्या मारायला लावतेस. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय?"

पायऱ्या उतरताना तिला खिडकीतला न प्यालेला चहा आठवला, निम्मी राहिलेली बादली आठवली. बाबा तिच्यापुढे पाहुण्यासारखे वागले होते, आणि जिने सगळ्या जगाचे पाहुणे घालवून दिले, तिने नेमका हा पाहुणा बसवून घेतला होता. तिलाही तोच हवा होता. टाळ्या पिटायला लावणारा.

बाबा रविवारी सकाळी लहान मुलांना खेळ शिकवायचे. मोल घ्यायचे नाहीत; "मोल घेतलं तर ओरडता येत नाही," म्हणायचे, पण ओरडायचेही नाहीत. मुलांचे छोटे क्लब तीच कापून द्यायची. त्या रविवारी ती लवकर उठली, डबी पिशवीत टाकली आणि सरावाच्या पट्टीच्या टोकाला झाडाखाली जाऊन बसली.

मुलं रांगेत उभी होती. सगळ्यात पुढे मिरची नावाने ओळखली जाणारी एक चुणचुणीत मुलगी. तिने क्लब पार मानेमागे नेला, गिरकी घेतली आणि चेंडूऐवजी गवताचा तुकडा उडवला.

"कुणाला मारलंस गं?" बाबांनी विचारलं.

"चेंडूला."

"चेंडू तर इथेच आहे. आरामात बसलाय."

मुलं खिदळली. मिरचीचं नाक लाल झालं. बाबा तिच्या शेजारी उकिडवे बसले, एक हात गुडघ्यावर टेकवून, सावकाश. इथे त्यांना पाठ होती.

"तू मला दाखवायला मारलंस," ते म्हणाले. "मी बघतोच आहे, मला दिसतंय. मला मारायचं नाही, चेंडूला मारायचं. आणि मारल्यावर लगेच मान वर करायची नाही. चेंडू कुठे गेला ते आधी कानाने बघायचं. नीट लागला की तो कानाला सांगतो. कळलं?"

"कानाने कसं बघतात आजोबा?"

"दाखवतो."

ते उठले. जवळ पडलेला मिरचीचा छोटा क्लब त्यांच्या कामाचा नव्हता. तेवढ्यात लेक झाडाखालून आली आणि काही न बोलता तिने डबी त्यांच्या मागे गवतात ठेवून आपल्या दुकानातून आणलेला एक चाचणीचा हायब्रिड त्यांच्या हातात दिला. डोकं तेच, शाफ्ट हलकी आणि मऊ. बाबांचं लक्ष मुलांकडे होतं. त्यांनी क्लब घेतला, हातातही न तोलता पवित्रा घेतला आणि बोलत बोलतच फिरवला. घाई नाही, हिसका नाही. दार उघडून बंद करावं तसा क्लब मागे गेला आणि पुढे आला. चेंडू संथपणे उठला, उंच गेला, वर क्षणभर रेंगाळला आणि लांबवर, मऊ, जागच्या जागी उतरला.

"ऐकलं?" बाबांनी विचारलं. मान अजून खालीच होती.

"हो!" मुलं म्हणाली.

"आणखी एकदा ऐका."

मुलं ऐकत राहिली आणि बाबा मारत राहिले. मागे गवतात ठेवलेली डबी मोजत राहिली. शेवटी मिरचीच म्हणाली, "आजोबा, तुमच्या मागे एक डबी आहे. साप नाहीये, मी बघितलं."

बाबांनी वळून डबीकडे पाहिलं. मग लेकीकडे. मग हातातल्या क्लबच्या शाफ्टकडे, आणि शाफ्ट बोटांनी किंचित लववून बघितली. कसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

"मऊ आहे," ते म्हणाले.

"हो."

"चोरून माप घेतलंस."

"घेतलं. आता सांगतेय म्हणजे चोरी नाही." ती जवळ आली. मुलं आपापल्या चेंडूंमागे पांगली होती. "बाबा, त्या दिवशी माझंच चुकलं. मी तुम्हाला दुसरी बादली मारूच दिली नाही. तुम्ही पहिल्या बादलीत जे दाखवलंत, ते बघून मी हुरळले आणि त्या माणसासाठी क्लब केला. तो माणूस तळ्यापर्यंत पोचतच नाही. तळ्यापर्यंत जे पोचतात, त्या बाबांसाठी मी काहीच केलं नाही."

बाबांनी क्लबचं डोकं बुटाच्या टोकाने चोळलं.

"आईने सांगितलं वाटतं. पट्ट्याचं."

"सांगितलं."

"तिच्या पोटात तीळ भिजत नाही." मग हळूच, "लहानपणी तू मागे उभी राहून टाळ्या वाजवायचीस. आठवतं?"

"आठवतं."

"अजून कान तिकडेच असतात माझे. तू मागे उभी असलीस की वाटतं, आता वाजेल. हात आपोआप जोरात फिरतो. जित्याची खोड."

तिने त्यांच्या हातातला क्लब घेतला आणि नुसतीच त्याची ग्रिप, म्हणजे मुठीवरचं रबर, पुसत बसली. ग्रिप काही मळली नव्हती.

"आजोबा," मिरची लांबून ओरडली, "मी कानाने बघितलं! काहीच दिसलं नाही!"

"म्हणजे लागलाच नाही!" बाबा ओरडले, आणि दोघंही हसली.

त्या आठवड्यात तिने क्लब पुन्हा बांधला. जुनी शाफ्ट गरम करून सोडवली. मऊ शाफ्ट घेतली, हलकी. मनगटाला न जाचणारी. लॉफ्ट, म्हणजे चेहऱ्याचा मागे झुकलेपणा, थोडा वाढवला, की चेंडू उंच जावा आणि ग्रीनवर उतरल्यावर सैरावैरा न पळता बसावा. मऊ शाफ्टला डावीकडे ओढायची थोडी खोड असते, म्हणून डोक्याचा कोन किंचित चपटा केला आणि वजन टोकाकडेच ठेवलं. मग बाबांच्या सगळ्या क्लबांशी अंतरं ताडून बघितली. नव्या सुनेने घरात कुणाच्या पायात येऊ नये, तसा नव्या क्लबनेही येऊ नये. चार नंबरच्या आयर्नहून लांब जावा, लाकडी क्लबहून अलीकडे राहावा, मधली ओसरी त्याची. या खेपेला बाबांनी दोन बादल्या मारल्या. ती खिडकीत पाठमोरी बसून चहा प्यायली, तोही गार होऊ न देता.

बॅगेत जागा करताना सुरी बाहेर निघाली. "हिला काय करू?" तिने विचारलं.

"भिंतीला लाव," बाबा म्हणाले. "गिऱ्हाइकांना दाखव. म्हणावं, हिला उचलतील असे हात होते एके काळी. खोटं नाही ते."

मॅचच्या दिवशी, सुरुवातीच्या ओट्यावर एक गोष्ट ठरवायची असते: सम आकड्याच्या होलांवर पहिला फटका कुणी मारायचा आणि विषमवर कुणी. तळ्याचा होल समवर होता.

"तुम्ही विषम घ्या," ती शक्य तितक्या सहज म्हणाली. "सुरुवात तुमच्या हातून होऊ दे."

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं मोजणीच्या दुर्बिणीतून पाहतात. "सम माझे," ते म्हणाले. "तळं मी मारणार. चल."

चालता चालता बाबा बोलू लागले. आईला म्हणे जोडे नको, चपलाच हव्यात. पट्टा आता उघड लावतो, लपवायची कटकट गेली. मिरचीच्या हाताला चांगली समज आहे, फक्त तोंड आवरलं पाहिजे. ती ऐकत होती. तिलाही काही सांगायचं होतं. दुकानात शेजारी बसून शाफ्टना ग्रिप लावणारा एक जण अलीकडे कामापुरता उरला नव्हता. तिने मनात म्हटलं, तळं झालं की सांगू. तळं झालं नाही तर? तर मग कधीच नाही.

तळं आलं. वारा नव्हता. पाण्यात पलीकडच्या झेंड्याची उलटी सावली सरळ उभी होती. बाबांनी खेचर काढलं. पवित्रा घेतला, आणि तिला दिसलं की त्यांची पाठ ताठ होते आहे. खांदे रुंद झाले. मुठी आवळल्या. पाहुणा आला होता.

बोलावं की न बोलावं? तोच बाबांनी क्लब खाली टेकवला आणि पवित्रा मोडला. ते मागे वळले.

"बाळ," ते म्हणाले, "तू जरा तिकडे तोंड कर."

"काय?"

"पाठ कर माझ्याकडे. तू बघत असलीस की मी तुझ्यासाठी मारतो. आज चेंडूसाठी मारून बघतो."

ती वळली. समोर नुसती झाडांची रांग होती आणि आपण आलो ती पायवाट. तिने हात एकमेकांत गुंतवून धरले, टाळ्या वाजवायला उठू नयेत म्हणून. मागे गवतावर बुटांची हालचाल झाली. थांबली. एक लांब श्वास ऐकू आला, तो घाईचा नव्हता.

आवाज आला. ठक् नव्हे, त्याहून मऊ, भरीव, पिकलेलं फळ गवतावर पडावं तसा.

मग काहीच नाही.

ती कानाने बघत राहिली. आता पाण्याचा आवाज येईल, आता येईल. कुठेतरी एक पक्षी बोलला. पाण्याचा आवाज आला नाही. अजूनही आला नाही. यायला हवा होता तो क्षण आला आणि निघून गेला, तरी ती वळली नाही, कारण बाबा अजून काही बोलले नव्हते.

"झेंड्यापासून लांब पडलाय," शेवटी बाबा म्हणाले. आवाज जरा घोगरा होता. "चांगला लांब. तिथून फारसं वळण नाही, पण चढ आहे. पुढचा तुझा."

"म्हणजे हिरवळीवर आहे?"

"मग काय हवेत असेल? बघ आता. वळ."

ती वळली. पाणी जसंच्या तसं होतं, झेंड्याची सावलीसुद्धा मोडली नव्हती. पलीकडे हिरव्यावर एक पांढरा ठिपका बसला होता. बाबा क्लबचं तोंड रुमालाने पुसत होते. त्यांनी तो पुसून झाल्यावर तिच्या हातात दिला नाही. आपल्या बॅगेत ठेवला, सुरीच्या जागी.

"खेचर डोंगर चढतं," ते म्हणाले.

तळ्याला वळसा घालून जाणारी पायवाट लांबची आहे. दोघं त्या वाटेला लागली. बाबांनी एक हात कमरेवर ठेवला होता, उघडपणे, आणि ती त्यांच्या चालीने चालत होती.

"बाबा," ती म्हणाली, "मला तुम्हाला एक सांगायचंय."

"सांग," बाबा म्हणाले. "वाट लांब आहे."